डेबूजीच्या घरचे बारसे



पाचवे शील आपण विहारात हात जोडून म्हणतो. पण घरी बारसे निघाले, सोयरीक जुळली, की पाहुण्यांच्या पिण्याची कुजबुज सुरू होते, आणि बाटली आणायला धाडले जाते ते पोरालाच. म्हणून आज गाडगेबाबांचे चरित्र तुमच्यापुढे ठेवतो. ते बौद्ध नव्हते, त्यांच्या कीर्तनात देवकीनंदनाचा गजर असे, हे मला ठाऊक आहे. तरीही वाचा.

त्यांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जात परीट. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव. वडील दारूपायी सर्वस्व घालवून मेले, तेव्हा डेबू जेमतेम आठ वर्षांचा. ही दारू झिंगराजींना गुत्त्यावर लागली नव्हती. देवाला बोकड आणि दारू, मग तोच प्रसाद, अशी ती घरात शिरली. आई सखूबाई मुलाला घेऊन दापुऱ्याला माहेरी आली. तेथे डेबूने गुरे राखली, नांगर धरला. पुढे मामाची जमीन सावकाराच्या कागदात अडकली. मामाला वाचता येत नव्हते, अंगठा तेवढा उठवता येत होता.

डेबूजीला मुलगी झाली. रीत अशी, की बारशाला भाऊबंदांना मटण आणि दारू द्यायची. डेबूजीने गोड जेवण घातले. पंगतीत कुरकुर झाली. लक्षात घ्या, तेव्हा तो कोणी बाबा नव्हता; हाती खराटा नव्हता, मागे माणसे नव्हती. चारचौघांसारखा कष्टकरी बाप होता, आणि त्या काळी भाऊबंदकी दुखावणे सोपे नव्हते. पण पंगतीला पोरेही बसली होती. दारूवाचून बारसे होते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. ज्याच्या घरी पिणे चालते तो मुलगा आम्हा शिक्षकांना हजेरीपटावरच दिसतो. शाळेत त्याला समजावणे फार उशिरा होते.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारायचे. दारू, नवसाचे बळी, कर्ज, शिवाशीव यांवर कोरडे ओढायचे आणि मुलांना शाळेत घाला म्हणून विनवायचे. जमलेल्या पैशांतून धर्मशाळा, शाळा, वसतिगृहे उभी राहिली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी देऊन टाकली.

२० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ, प्रवासातच, त्यांचे निधन झाले. बाबासाहेब जाऊन तेव्हा चौदा दिवस झाले होते.