चित्रकर्त्या मेरी ब्लेअर

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा निरोप आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. मी काही लेखिका नव्हे. मागच्या दोन स्मरणिकांत मी पाककृती देऊन सुटका करून घेतली होती आणि याही वेळी तेच करावे असे मनात होते. परंतु सहज नजर ओट्यावरच्या भिंतीकडे गेली आणि विषय सापडला.

त्या भिंतीवर चिनीमातीची एक चौकोनी लादी बसविलेली आहे. माझ्या मुलीने ती अमेरिकेहून आणली. कॅलिफोर्नियात अ‍ॅनाहाइम या गावी डिस्नेलँड नावाचे प्रसिद्ध करमणुकीचे उद्यान आहे. १७ जुलै १९५५ रोजी ते सुरू झाले. तिकडच्या लोकांचा त्यावर इतका जीव आहे की, तिथल्या किल्ल्याची, बाहुल्यांची, होड्यांची चित्रे काढलेल्या अशा लाद्या ते हौसेने घरात लावतात. माझ्या लादीवर झगझगीत गुलाबी आणि केशरी रंगात मनोरे, त्रिकोण, अर्धवर्तुळे आणि मध्ये हसऱ्या मुलांची एक रांग आहे. रोज भाजी फोडणीला टाकताना मी ती पाहते. पण हे चित्र मुळात कोणाच्या हातचे, हा प्रश्न कधी मनात आला नव्हता.

तो आला आपल्या मंडळाच्या गेल्या सभेनंतर. आपल्या सभागृहाच्या जिन्याजवळची लाद्यांची भिंत सर्वांना ठाऊक आहेच. मंडळाच्या रौप्यमहोत्सवाच्या वर्षी आम्ही काही जणींनी लादीवरील चित्रकाम शिकून त्या रंगविल्या होत्या. आता दुरुस्ती निघाली आहे, आणि ती भिंत लाकडी फळ्यांनी झाकावी असा ठराव सभेत झाला. ठरावाच्या बाजूने हात वर करणाऱ्यांत मीही होते. त्या रात्री मुलीशी फोनवर बोलताना हा विषय निघाला आणि तिने मला मेरी ब्लेअर या बाईंची हकीकत सांगितली. पुढे मी स्वतः पुष्कळ वाचले. तीच हकीकत आज भगिनींपुढे ठेवीत आहे.

मेरीचा जन्म २१ ऑक्टोबर १९११ रोजी ओक्लाहोमा राज्यातील मॅकअ‍ॅलेस्टर या गावी झाला. माहेरचे आडनाव रॉबिन्सन. घरची परिस्थिती बेताची. कुटुंब पुढे टेक्सासमध्ये आणि तिथून कॅलिफोर्नियात येऊन राहिले. मुलीला चित्रकलेची ओढ होती. सॅन होझे येथील कॉलेजात शिकून झाल्यावर तिने लॉस एंजेलिसच्या शुनार्ड कलासंस्थेची शिष्यवृत्ती मिळविली आणि १९३३ साली तेथील शिक्षण पुरे केले. पुढच्याच वर्षी तिचा विवाह ली ब्लेअर या तरुण चित्रकाराशी झाला. त्या काळी ऑलिंपिकमध्ये कलेच्याही स्पर्धा होत असत, आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये ली यांनी चित्रकलेचे सुवर्णपदक मिळविले होते.

दोघांनाही स्वतंत्र चित्रकार व्हावयाचे होते. जलरंगांत दोघांचाही हात चांगला होता. पण ते दिवस महामंदीचे. चित्रे विकून घरभाडे निघेना. तेव्हा दोघांनीही व्यंगचित्रपटांच्या कारखान्यांत नोकऱ्या धरल्या. १९४० साली मेरीबाई वॉल्ट डिस्ने यांच्या स्टुडिओत दाखल झाल्या. दुसऱ्याच वर्षी त्यांनी ती नोकरी सोडलीही; कारण मनाजोगे काम हाताला लागत नव्हते.

इथेच त्यांच्या आयुष्याला कलाटणी मिळाली. १९४१ मध्ये डिस्ने आपल्या निवडक कलावंतांसह दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाले. शेजारी देशांशी स्नेह वाढावा या हेतूने अमेरिकन सरकारने तो दौरा पुरस्कृत केला होता. ली त्या मंडळींत होते, आणि मेरीबाईही बरोबर गेल्या. आजवर त्यांची जलरंगांतली चित्रे सौम्य, ढगाळ दिवसासारखी असत. ब्राझील, अर्जेंटिना, पेरू या देशांतील ऊन, बाजार, लोकांचे कपडे आणि विशेषतः तिथली लहान मुले त्यांनी डोळे भरून पाहिली, आणि परत आल्या त्या वेगळा कुंचला घेऊनच. सावल्या गेल्या, बारकावे गेले. सपाट, धीट रंगांचे तुकडे एकाशेजारी एक बसू लागले. आपल्याकडे इरकली लुगड्याच्या काठाला जशी गर्द रंगाची साथ लागते, तशी त्यांच्या चित्रांत काळ्याशेजारी गुलाबी, जांभळ्याशेजारी पोपटी बिनदिक्कत येऊन बसू लागले. डिस्ने यांना हे रंग फार आवडले.

‘सिंड्रेला’ (१९५०), ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’ (१९५१) आणि ‘पीटर पॅन’ (१९५३) हे चित्रपट आपल्या मुलाबाळांनी पाहिले असतील. त्यांच्या रंगांची आणि वातावरणाची कल्पना प्रथम कागदावर उतरविण्याचे काम मेरीबाईंकडे असे. परंतु पडद्यावर दिसते ते चित्र त्यांच्या हातचे नव्हे. त्यांची चित्रे समोर ठेवून इतर कलावंत काम करीत, आणि ते करताना मूळ चित्रांतला धीटपणा बराचसा मवाळ होऊन जाई. घर रंगविताना अस्तराचा हात कोणाला दिसत नाही; पण वरचा रंग त्याच्याच आधाराने टिकतो. मेरीबाईंचे काम तशा अस्तरासारखे मागे राहिले.

मध्यंतरी पतीच्या व्यवसायामुळे बिऱ्हाड न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर गेले होते. दोन मुलगे झाले. घर एका टोकाला आणि स्टुडिओ देशाच्या दुसऱ्या टोकाला, अशी त्यांची ओढाताण काही वर्षे चालली. अखेर १९५३ मध्ये त्यांनी स्टुडिओचा राजीनामा दिला. मात्र कुंचला खाली ठेवला नाही. जाहिराती, दुकानांची सजावट, मुलांची पुस्तके अशी मिळतील ती कामे त्या घरी राहून करीत. त्यांनी सजविलेले ‘आय कॅन फ्लाय’ हे छोटे पुस्तक अजूनही तिकडच्या घरांत वाचले जाते.

दहा वर्षांनी डिस्ने यांनी त्यांना पुन्हा हाक मारली. १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात युनिसेफसाठी एक दालन उभारावयाचे होते. होडीत बसून जगातील सर्व देशांच्या बालबाहुल्यांमधून फिरून यावयाचे, अशी ती योजना. वर्षाच्या आतच सारे उभे करावयाचे होते. त्याच्या रंगरूपाची जबाबदारी मेरीबाईंवर आली, आणि बाहुल्यांचे पोशाख अ‍ॅलिस डेव्हिस या बाईंनी केले. मेरीबाईंनी सर्व देशांच्या मुलांना एकाच धाटणीचा चेहरा दिला. वेगळेपणा राहिला तो पोशाखात आणि वर्णात. १९६६ मध्ये हे सारे डिस्नेलँडमध्ये कायमचे आणण्यात आले. काही वर्षांपूर्वी मुलीने मला त्या होडीत बसविले होते. ताजमहाल आणि आपल्याकडच्या वेषातील बाहुल्या दिसताच मी लहान मुलीसारखी टाळी वाजविली; पण ते जग कोणाच्या मनातून उतरले, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते.

आता लाद्यांकडे येते. चिनीमातीच्या लादीवरील कामाला मेरीबाईंनी हात घातला तो वयाच्या पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील ज्यूल्स स्टाइन नेत्रसंस्थेत, डोळे दाखवायला आलेली मुले जिथे वाट पाहत बसतात, तिथे त्यांनी लाद्यांचे चित्र केले. घाबरलेल्या मुलांसाठी केलेले ते आनंदी चित्र म्हणजे मला एक प्रकारचे पथ्यपाणीच वाटते. नंतर १९६७ मध्ये डिस्नेलँडमधील टुमारोलँड या भागात समोरासमोरच्या दोन इमारतींवर त्यांची दोन लांबलचक चित्रे झळकली. एकेक ५० फुटांहून अधिक लांब. विषय पुन्हा मुलांचाच. वॉल्ट डिस्ने डिसेंबर १९६६ मध्येच वारले होते. ही चित्रे पूर्ण झालेली त्यांना पाहता आली नाहीत.

हे काम किती कष्टाचे, ते आम्ही शिकलो तेव्हा कळले. कच्ची झिलई लावताना पांढुरकी, मळकट दिसते. खरा रंग भट्टीतून निघाल्यावरच कळतो. थोडी आच जास्त झाली की तांबड्याचा तपकिरी होतो. माझ्या पहिल्या लादीवरचे जास्वंद असेच करपले होते. आम्ही मोजक्या लाद्यांत थकलो. मेरीबाईंचे सर्वांत मोठे चित्र फ्लॉरिडातील डिस्ने उद्यानाच्या काँटेंपररी नावाच्या हॉटेलात आहे. १९७१ साली ते पुरे झाले. ९० फूट उंच आणि सुमारे १८,००० लाद्यांचे! ग्रँड कॅनियनची भव्य दरी, तिथले आदिवासी, त्यांची मुले, पशुपक्षी त्यात आहेत. त्यातल्या एका बकरीला पाच पाय आहेत. माणसाचे कोणतेही काम निर्दोष नसते, याची ती खूण आहे असे सांगतात. मला ती बकरी फार जवळची वाटते.

२६ जुलै १९७८ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने, वयाच्या ६६ व्या वर्षी, मेरीबाई कॅलिफोर्नियात वारल्या. त्यांचे नाव त्या वेळी फारसे कोणाच्या ओठी नव्हते. टुमारोलँडमधले त्यांचे एक चित्र १९८६ च्या सुमारास नव्या खेळासाठी झाकले गेले आणि दुसरे १९९८ मध्ये. झाकणाऱ्यांच्या मनात काही आकस होता असे नव्हे. जागा हवी होती, नवे काही करावयाचे होते, आणि कोणी हरकत घेतली नाही, इतकेच. आपल्या सभेत झाले तसेच. डिस्नेलँडला गेले तेव्हा मीही त्या भिंतींजवळून गेले असेन, आणि मला काहीच दिसले नाही.

पुढे लोकांना जाग आली. १९९१ मध्ये डिस्ने संस्थेने त्यांचा मरणोत्तर गौरव केला. २००९ मध्ये टोकियोच्या संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. आज घराघरांतल्या लाद्यांवर त्यांच्या रंगांची छाया आहे. पण झाकलेल्या दोन चित्रांपुढे आज कोणी उभे राहू शकत नाही.

भगिनींनो, आपली भिंत ही काही थोर कला नव्हे, हे मी जाणते. माझे करपलेले जास्वंद कोणी संग्रहालयात ठेवणार नाही. परंतु त्या लाद्या रंगविणाऱ्यांपैकी कितीतरी जणी आज आपल्यात नाहीत, आणि कोणती लादी कोणाची, हे कुठेच लिहून ठेवलेले नाही. जिच्या कडेला कासव आहे ती लादी कोणाची, हे मलाही आता आठवत नाही. म्हणून माझी एक विनंती आहे. दुरुस्ती सुरू होण्यापूर्वी, ज्यांना आठवत असेल त्यांनी लाद्यांपुढे उभे राहून चिटणीसबाईंना नावे सांगावीत. त्यांची यादी करून भिंतीचे छायाचित्र पुढच्या स्मरणिकेत छापावे. आणि फळ्या लावण्याचा ठराव पुढील सभेत पुन्हा विचारासाठी घ्यावा. त्या वेळी माझा हात खाली असेल.

— मंडळाची एक जुनी सभासद