विल्सन जोन्स : न धावणारा जगज्जेता

भाईंदरच्या आपल्या सोसायटीत मुलं कॅरम मांडून बसली की आपण लगेच त्यांना मैदानावर पिटाळतो. गोल्फ, बिलियर्ड्सवाले कसले खेळाडू, हा वादही नेहमीचाच.

विल्सन जोन्स १९२२ साली पुण्यात जन्मले. १९५८ मध्ये कोलकात्यात ते बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले, १९६४ ला न्यूझीलंडमध्ये पुन्हा. वैयक्तिक खेळात भारताचा पहिला जगज्जेता हाच! राष्ट्रीय विजेतेपद तर बारा वेळा. धावणं नाही, उडी नाही. पण तासन्‌तास टेबलावर वाकायचं आणि हात जराही हलू द्यायचा नाही. करून बघा एकदा! मी तरी त्यांना पक्का खेळाडूच म्हणेन. १९९६ मध्ये त्यांना प्रशिक्षक म्हणून द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. २००३ साली मुंबईत ते वारले.