विश्लेषण : ‘एमजी’ घडवणारे सेसिल किम्बर कोण होते? त्यांच्या परंपरेतील मोटारी आजही घरच्या घरी कशा दुरुस्त होतात?

भारतीय रस्त्यांवर दिसणारे अष्टकोनी ‘एमजी’ चिन्ह मूळचे ब्रिटनमधील ऑक्सफर्डचे. तिथल्या जुन्या, उघड्या छताच्या ‘एमजी’ मोटारी हौशी मालक आजही घरच्या गॅरेजमध्ये स्वतः दुरुस्त करून चालवतात. हे शक्य झाले सेसिल किम्बर यांच्या एका निर्णयामुळे. त्यांना मात्र स्वतःच्याच कारखान्यातून बाहेर पडावे लागले.

किम्बर मोटारींकडे कसे वळले?

किम्बर यांचा जन्म १८८८ मध्ये लंडनमध्ये झाला. वडिलांचा छपाईच्या शाईचा व्यवसाय होता. तरुणपणी मोटारसायकल अपघातात त्यांचा उजवा पाय जायबंदी झाला. अनेक शस्त्रक्रियांनंतर पाय वाचला, पण कायमचा आखूड राहिला. भरपाईच्या पैशांतून त्यांनी मोटार घेतली. १९२१ मध्ये ते विल्यम मॉरिस यांच्या ‘मॉरिस गॅरेजेस’ या विक्री व दुरुस्तीच्या पेढीत दाखल झाले आणि पुढच्याच वर्षी तिचे व्यवस्थापक झाले. या पेढीच्या आद्याक्षरांवरून ‘एमजी’ हे नाव पडले.

स्वस्त स्पोर्ट्स कार कशी साधली?

त्या काळी स्पोर्ट्स कार ही श्रीमंतांची चैन होती. १९२८ मध्ये मॉरिस यांनी ‘मायनर’ ही छोटी मोटार आणली. किम्बर यांनी तिचीच चासी आणि ८४७ सीसीचे इंजिन घेतले आणि त्यावर लाकडी चौकटीची, कापड मढवलेली हलकी बॉडी चढवली. ही ‘एमजी मिजेट’. किंमत १७५ पौंड. अशा ३,००० हून अधिक मोटारी तयार झाल्या. १९२९ मध्ये कारखाना अ‍ॅबिंग्डनला हलला. १९३३ मध्ये इटलीतील ‘मिल मिलिया’ शर्यतीत एमजीच्या संघाने आपल्या गटात बाजी मारली.

घरी दुरुस्ती कशी होते?

याच परंपरेतील ‘एमजी टीसी’चे उदाहरण घेऊ. १२५० सीसीचे साधे इंजिन, संगणक नाही. बॉनेट दोन्ही बाजूंनी उघडते, त्यामुळे बहुतेक भागांपर्यंत हात पोहोचतो. दोन कार्बोरेटर सारखीच हवा ओढतात का, हे तपासायला रबरी नळीचा तुकडा पुरतो. नळीचे एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरे कानाशी धरायचे आणि दोन्हींचा फुसफुस आवाज सारखा होईपर्यंत स्क्रू फिरवायचा.

फसगत होते ती दोन ठिकाणी. पहिले लाकूड. पत्र्याच्या आत अ‍ॅश लाकडाची चौकट असते. पाणी मुरले की ती आतून कुजते, दारे लोंबतात. दुसरे नट-बोल्ट. इंजिनावरच्या बोल्टच्या डोक्याला ब्रिटिश मापाचा पाना बसतो, पण आटे मेट्रिक असतात. कारण मॉरिस यांनी इंजिनांसाठी घेतलेला कोव्हेंट्रीचा कारखाना मूळ एका फ्रेंच कंपनीचा होता. हे माहीत नसलेला माणूस ब्रिटिश आट्यांचा बोल्ट जोराने आवळतो आणि इंजिनातले आटे खराब करून बसतो.

किम्बर यांना बाजूला का केले?

१९३५ मध्ये एमजी मॉरिस मोटर्सच्या ताब्यात गेली. शर्यती थांबल्या, डिझाइनचे काम अ‍ॅबिंग्डनहून काउलीला गेले. महायुद्ध सुरू झाल्यावर मोटारींचे उत्पादन बंद पडले. कारखाना रिकामा राहू नये म्हणून किम्बर यांनी विमानाच्या भागांचे काम स्वतःच मिळवले. वरिष्ठांना हे रुचले नाही आणि १९४१ मध्ये त्यांना जावे लागले.

अखेर कशी झाली?

४ फेब्रुवारी १९४५ रोजी किम्बर लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातून रेल्वेने निघाले. बोगद्यातील चढावर इंजिनाची चाके घसरली, गाडी मागे आली आणि शेवटचा डबा रुळांवरून उतरला. दोघांचा मृत्यू झाला, त्यांत किम्बर होते.

त्याच वर्षी ‘टीसी’ बाजारात आली. किम्बर यांच्या काळातील ‘टीबी’चीच ती सुधारित आवृत्ती. १९४९ पर्यंत अशा १०,००० मोटारी बनल्या. सुमारे २,००० अमेरिकेत गेल्या, त्याही उजव्या बाजूच्या स्टीअरिंगसह. ब्रिटिश स्पोर्ट्स कारला तिथे बाजारपेठ मिळवून देण्यात ‘टीसी’चा मोठा वाटा होता. ते पाहायला किम्बर नव्हते. अ‍ॅबिंग्डनचा कारखाना १९८० मध्ये बंद झाला, पण साध्या भागांची त्यांची मोटार घरोघरच्या गॅरेजमध्ये टिकून आहे.