सुब्रतो मुखर्जी

पुण्यात लोहगावहून लढाऊ विमान उडाले, की आवाज ऐकून मान वर करावी तोवर ते दिसेनासेही होते. आपल्या हवाई दलाची पहिली विमाने अशी नव्हती.

१ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळ ड्रिग रोड येथे या दलाची पहिली तुकडी उभी राहिली. तिच्यापाशी अवघी चार ‘वापिटी’ विमाने होती, आणि तीही इंग्रजांनी वापरून सोडलेली. एकावर एक असे दोन पंख, त्यांवर ताणलेले कापड, वर छप्पर नसलेली बैठक आणि पुढे नऊ नळकांड्यांचे इंजिन. टेहळणी व बाँबफेक ही दोन्ही कामे त्यानेच करावयाची. तुकडीच्या पहिल्या भारतीय वैमानिकांत बावीस वर्षांचे सुब्रतो मुखर्जी होते. त्यांचा जन्म ५ मार्च १९११ रोजी कलकत्त्यात झाला होता आणि वैमानिकाचे शिक्षण इंग्लंडमधील क्रॅनवेल येथे.

त्या काळी विमानात सर्वांत बेभरवशाची वस्तू म्हणजे इंजिन. वापिटीच्या आधीच्या विमानांत ते पाण्याने थंड करीत; आपल्या उन्हाळ्यात ते पाणी उकळे, म्हणून जादा रेडिएटर बसवावा लागे. वापिटीचे इंजिन वाऱ्यानेच थंड होई. पण धूळ कशी चुकणार? ती आत शिरे आणि भाग झिजत.

१९३७ साली ही तुकडी वायव्य सरहद्दीवर वझिरिस्तानात गेली. तेथे इंजिन बंद पडले, तर उतरण्यास सपाट जागा दुर्मिळ. आणि ती सापडलीच, तर भोवती बंदुकधारी टोळीवाले. म्हणून वैमानिक स्थानिक भाषेतील एक चिठ्ठी जवळ बाळगीत: यास सुखरूप पोचविणाऱ्यास इनाम मिळेल. ज्यांच्यावर बाँब टाकावयाचे, त्यांच्याच दयेवर जीव सोपवावयाचा! शिवाय ते लोकही परसत्तेशीच झगडत होते, हे विसरता येत नाही.

हिंदी माणसास यंत्रे सांभाळता येणार नाहीत, असे पुष्कळ इंग्रजांना वाटे. तुकडीतील ‘हवाई सिपाही’ इंजिने उघडीत, साफ करीत, पुन्हा जोडीत. त्यांतील हरजिंदर सिंग हे तर अभियांत्रिकी शिकून साधे सिपाही झाले होते. विमानाच्या मागील बैठकीत बंदूक घेऊन पुष्कळदा हेच कारागीर बसत. ज्याने इंजिन जोडले, त्याचाही प्राण त्यावरच टांगलेला. सुरुवातीच्या काही वर्षांतच मुखर्जींचे दोन सहकारी वैमानिक अपघातात गेले. मुखर्जी उडत राहिले. १९३९ साली तुकडीचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. असा मान मिळालेले ते पहिले भारतीय. त्याच वर्षी शारदा पंडित या महाराष्ट्रीय तरुणीशी त्यांचा विवाह झाला. पुढे शारदाबाई रत्नागिरीतून लोकसभेवर निवडून गेल्या.

ड्रिग रोडच्या त्या दिवसाला बरोबर एकवीस वर्षे झाली, तेव्हा, १ एप्रिल १९५४ रोजी, मुखर्जी हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. त्यांच्या कारकिर्दीत ‘कॅनबेरा’ ही जेट बाँबफेकी विमाने दलात आली. हरजिंदर सिंगही अधिकारपदे चढत एअर व्हाइस मार्शल झाले.

८ नोव्हेंबर १९६० रोजी टोकियोत जेवताना घास घशात अडकून मुखर्जींचा अंत झाला. त्यांच्या कल्पनेतून शाळकरी मुलांसाठी निघालेली फुटबॉल स्पर्धा त्याच वर्षी सुरू झाली होती. ‘सुब्रतो चषक’ नावाने देशभरातील शाळा ती आजही खेळतात.