प्रोटीन ताटातलं आणि अंगी लागलेलं

जिममध्ये नाव घातलं की आठवड्याभरात पहिला प्रश्न येतो : प्रोटीन किती घेतोस? डब्यावरचा ग्रॅमचा आकडा आपल्याला पाठ असतो. पण खाल्लेल्यातलं अंगी किती लागतं, हे क्वचितच कुणी विचारतं. सत्तर वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत एक बाई नेमकं हेच शोधत होत्या. त्यांचं नाव डॉ. कमला सोहोनी.

जन्म १९११चा, इंदूरचा. माहेरचं आडनाव भागवत. वडील आणि काका दोघंही रसायनशास्त्र शिकलेले. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या सख्ख्या बहीण. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बीएस्सी झाली आणि कमलाने बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सकडे अर्ज केला. तिथले संचालक होते नोबेल विजेते सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. कमला मात्र हटली नाही, तिने थेट सत्याग्रह केला. शेवटी रामन नमले, पण अटी घालूनच. पहिलं वर्ष उमेदवारीचं, काम पसंत पडलं तरच पुढे. कमलाने वर्षभर दूध आणि कडधान्यांमधल्या प्रोटीन्सवर काम केलं आणि प्रवेश पक्का केला. त्यानंतर तिथे मुलींसाठी दार उघडलं.

पुढे केंब्रिज. तिथे जीवरसायनशास्त्राचे प्रमुख होते फ्रेडरिक हॉपकिन्स. फक्त मक्यातल्या एका प्रोटीनवर ठेवलेले उंदीर फार जगत नाहीत, त्यात ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल मिसळलं की जास्त दिवस तगतात, हे त्यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं होतं. थोडक्यात, सगळी प्रोटीन्स सारख्या कसाची नसतात. कमलाने तिथे वनस्पतींच्या पेशींमधल्या सायटोक्रोम-सीवर संशोधन केलं आणि १९३९ मध्ये पीएचडी मिळवली. प्रबंध अवघा ४० पानांचा!

मायदेशी परतल्यावर दिल्ली, मग कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा आणि लग्नानंतर मुंबईचं इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. इथे कमलाबाई आणि त्यांचे विद्यार्थी गरिबाच्या घरात रोज शिजणाऱ्या कडधान्यांकडे वळले. १९५५ मध्ये त्यांचा शोध ‘नेचर’मध्ये छापून आला. विषय होता आपला वाल आणि डबल बी!

गोष्ट अशी आहे. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक माळ. स्नायू, हिमोग्लोबिन, रोगाशी लढणारी प्रतिपिंडं बनवायला शरीराला त्या माळेचे मणी सुटे लागतात. ते सुटे करायचं काम पोटात ट्रिप्सिनसारखी विकरं करतात. पण कच्च्या वालात या ट्रिप्सिनलाच अडवणारा पदार्थ असतो. कमलाबाईंनी तो वेगळा काढला, थेट स्फटिकरूपात. म्हणजे ताटात प्रोटीन भरपूर, पण कच्चं खाल्लं तर पचनाच्या वाटेवरच अडथळा. नीट शिजवलं की उष्णतेने त्याचा जोर बराच ओसरतो. वाल भिजवून, मोड आणून, सोलून मऊ शिजवायची आज्जीची खटपट उगाच नव्हती.

कमलाबाईंनी नीरेचाही अभ्यास केला. कुपोषित मुलांना आणि गरोदर बायकांना तिचा फायदा होतो, हे दिसून आलं. त्या कामाला राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला. आरे दूध प्रकल्पालाही त्यांनी सल्ला दिला. एवढं असूनही त्यांना संस्थेचं संचालकपद मिळालं ते बऱ्याच उशिरा. निवृत्तीनंतरही त्या थांबल्या नाहीत. ग्राहक चळवळीत राहून भेसळ कशी ओळखायची, हे लोकांना सोप्या भाषेत शिकवत राहिल्या. १९९८ मध्ये दिल्लीत सत्कार समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत गेल्या.

तेव्हा मित्रांनो, हॉस्टेलच्या मेसमधलं वरण पातळ म्हणून नाक मुरडण्याआधी एवढं लक्षात ठेवा. तांदळात लायसिन कमी, डाळीत मेथिओनिन कमी. दोन्ही एकत्र खाल्ली की एकीची उणीव दुसरी भरून काढते. वरण पातळ असेल तर दोन वाट्या जास्त घ्या, सोबत दूध, दही किंवा अंडं जमवा. आणि वालाची उसळ असेल त्या दिवशी ती नीट शिजली आहे ना, एवढं बघा.