जे नॉरवुड डार्लिंग

जे नॉरवुड डार्लिंग तथा 'डिंग' डार्लिंग (२१ ऑक्टोबर, १८७६ – १२ फेब्रुवारी, १९६२) हे अमेरिकेतील ख्यातनाम राजकीय व्यंगचित्रकार आणि वन्यजीव संरक्षक होते. उत्तर अमेरिकेच्या प्रेअरी अर्थात गवताळ मैदानांतील ज्या तळ्यांवर व जलाशयांवर आज शरद ऋतूत पक्षिनिरीक्षक जमतात, त्यांपैकी अनेक राखीव होण्यामागे त्यांचे प्रयत्न आहेत.

सुरुवातीचे जीवन

डार्लिंग यांचा जन्म मिशिगन राज्यातील नॉरवुड येथे झाला. वडील धर्मोपदेशक होते. बालपण आयोवातील सू सिटी येथे गेले व तेथूनच डकोटाच्या माळरानांची ओळख झाली. या प्रदेशात हिमनद्यांनी मागे ठेवलेल्या उथळ खळग्यांत पाणी साचून असंख्य तळी बनतात. बदकांची वीण तेथे होते आणि सप्टेंबर ते नोव्हेंबरदरम्यान दक्षिणेकडे निघालेले थवेही तेथेच उतरतात. शेतीसाठी चर खणून ही तळी कोरडी केली जात असताना डार्लिंग लहानाचे मोठे झाले.

१९०६ मध्ये ते दे मॉईन येथील 'रजिस्टर' दैनिकात व्यंगचित्रकार म्हणून रुजू झाले. १९२४ व १९४३ साली त्यांना पुलित्झर पारितोषिक मिळाले.

सरकारी कारकीर्द

डार्लिंग रिपब्लिकन पक्षाचे, हर्बर्ट हूवर यांचे स्नेही आणि फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या धोरणांचे टीकाकार. तरीही रूझवेल्ट प्रशासनाने मार्च १९३४ मध्ये त्यांना जैविक सर्वेक्षण विभागाचे प्रमुख नेमले. तेव्हा भीषण दुष्काळाने उरलीसुरली तळीही आटत होती. स्थलांतरी पक्ष्यांसाठी जमीन घेण्याचा कायदा १९२९ पासून होता, पण त्यासाठी पुरेसा पैसा नव्हता. हा पैसा शिकाऱ्यांकडूनच मिळवण्याचे ठरले. पाणपक्ष्यांची शिकार करणाऱ्याने दरवर्षी एक डॉलरचे तिकीट घेणे बंधनकारक झाले. पाण्यावर उतरणाऱ्या मॅलार्ड बदकांचे पहिल्या तिकिटावरील चित्र डार्लिंग यांचेच. त्यांनी ते केवळ नमुना म्हणून रेखाटले होते.

ते स्वतः शिकारी होते, परंतु शिकाऱ्यांची मर्जी त्यांनी सांभाळली नाही. १९३५ च्या नियमांनी दाणे टाकून वा जिवंत बदके बांधून थवे खाली उतरवण्यास बंदी आली. जागा शोधण्याचे काम त्यांनी जे. क्लार्क सॅलियर या तरुण जीवशास्त्रज्ञाकडे सोपवले. नोव्हेंबर १९३५ मध्ये, जेमतेम वीस महिन्यांनी, डार्लिंग पदावरून दूर झाले. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय वन्यजीव महासंघाचे ते पहिले अध्यक्ष होते. तिकिटाचा पैसा जमिनीऐवजी इतरत्र खर्च होतो, ही त्यांची पुढील काळातील तक्रार होती. १९५८ च्या दुरुस्तीने तो जागा मिळवण्यासाठी राखून ठेवण्यात आला.

लेक डार्लिंग

उत्तर डकोटातील सूरिस नदीवर १९३६ मध्ये पूर्ण झालेल्या धरणाच्या जलाशयास त्यांचे नाव आहे. हा जलाशय अप्पर सूरिस अभयारण्यात येतो. कोरड्या वर्षांत यातून सोडलेल्या पाण्यावर खालच्या अंगाच्या पाणथळ जागा टिकतात. तेथील लोअर सूरिस अभयारण्यास १९६७ मध्ये सॅलियर यांचे नाव देण्यात आले. सप्टेंबरात येथे पांढरे पाणकोळी दिसतात. ऑक्टोबरमध्ये मॅलार्ड, हिमहंस आणि टुंड्रा हंसांचे थवे उतरतात. पाणी गोठू लागताच ते पुढे निघतात.