कोशामागचा शिक्षक : ए. एस. हॉर्नबी

महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील कोणत्या पुस्तकाची बांधणी सर्वांत आधी खिळखिळी होते, असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर कादंबऱ्यांच्या कपाटात शोधू नये. ते संदर्भ विभागात मिळेल. कोपरे मुडपलेला, कडा बोटांनी काळवंडलेला, पाठीला चिकटपट्टी लावलेला इंग्रजीचा ऑक्सफर्ड कोश तेथे हमखास आढळतो. परीक्षा जवळ आली की तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत असतो. अडलेला शब्द सापडला की आपण तो मिटतो. मुखपानावर छापलेले ए. एस. हॉर्नबी हे नाव वाचण्याइतकी सवड कोणाला असते? आणि वाचले तरी हा कोणी ऑक्सफर्डचा प्रकांड पंडित असावा, एवढाच तर्क करून आपण पुढे जातो.

हा तर्क मात्र खरा नाही. हॉर्नबी हे मुळात एक शिक्षक होते. त्यांचा कोश ऑक्सफर्डच्या शांत दालनात जन्मला नाही. तो जन्मला जपानमध्ये, इंग्रजी बोलताना अडखळणाऱ्या विद्यार्थ्यांच्या सहवासात. म्हणूनच तो आपलाही कोश आहे.

आल्बर्ट सिडनी हॉर्नबी यांचा जन्म १० ऑगस्ट १८९८ रोजी इंग्लंडमधील चेस्टर या गावी झाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधून त्यांनी इंग्रजी विषयाची पदवी घेतली. पुढे १९२४ साली, वयाच्या अवघ्या पंचविशीत, हा तरुण जपानला गेला. क्यूशू बेटावरील ओइता येथील उच्च वाणिज्य विद्यालयात त्यांना इंग्रजीच्या शिक्षकाची जागा मिळाली होती.

तेथील परिस्थिती आपल्याला अनोळखी वाटणार नाही. जपानी विद्यार्थी कष्टाळू होते. इंग्रजी उताऱ्याचे शब्दाला शब्द लावून भाषांतर करण्यात ते तरबेज होते. व्याकरणाचे नियम त्यांना मुखोद्गत असत. परंतु अशा रीतीने शिकलेल्या मुलाला एखाद्या इंग्रजाने चार साधे प्रश्न विचारले, तर त्याची जीभ टाळ्याला चिकटे. वर्षानुवर्षे भाषा शिकूनही ती बोलता येऊ नये, हे कोडे केवळ ओइताचे नव्हते. अभिजात वाङ्मयाचे संस्कार घेऊन आलेल्या हॉर्नबींचे लक्ष हळूहळू वाङ्मयाकडून भाषेकडे वळले. परक्या माणसाला इंग्रजी नेमके कुठे अडते, हा प्रश्न त्यांच्या आयुष्याला येऊन मिळाला तो कायमचाच.

या प्रश्नाचा पाठपुरावा करणारा आणखी एक इंग्रज त्या काळी जपानमध्ये होता. त्याचे नाव हॅरल्ड पामर. जपानच्या शिक्षण खात्याचा भाषाविषयक सल्लागार म्हणून तो १९२२ मध्ये टोकियोला आला आणि पुढच्याच वर्षी त्याने इंग्रजी अध्यापनाच्या संशोधनासाठी एक संस्था उभी केली. हॉर्नबी या संस्थेच्या कार्याकडे ओढले गेले. शिकणाऱ्याला प्रथम कोणते शब्द द्यावेत, कोणता शब्द कोणत्या शब्दाबरोबर नांदतो, क्रियापदामागून वाक्य कसे वळण घेते, या गोष्टींची तेथे पद्धतशीर छाननी चाले. १९३३ मध्ये संस्थेने इंग्रजीतील रूढ शब्दसमूहांवर एक मोठा अहवाल प्रसिद्ध केला. त्याच्या सिद्धतेत हॉर्नबींचा मोठा वाटा होता. १९३६ साली पामर मायदेशी परतला, तेव्हा संस्थेच्या मुखपत्राचे संपादन हॉर्नबींकडे आले.

शब्दसमूहांचा एवढा खटाटोप कशासाठी, असे एखाद्याला वाटेल. त्याने क्षणभर आपल्याच भाषेकडे पाहावे. पाणी म्हणजे काय, हे सांगायला कोश नको. परंतु एखाद्या परदेशी माणसाने मराठी शिकायला घेतली, तर पाणी सोडणे, पाणी पाजणे, पाणी फिरवणे आणि पाणी जोखणे यांचा उलगडा त्याला केवळ पाण्याच्या अर्थावरून कसा व्हावा? इंग्रजीतही असेच आहे. ‘पुट’ म्हणजे ठेवणे आणि ‘अप’ म्हणजे वर, हे दोन्ही ठाऊक असूनही ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे, हे कळायला मार्ग नाही. सुटे शब्द हे विटांसारखे असतात. विटांचा ढीग पाहून घराचा आराखडा कळत नाही.

अडचण तेवढ्यावरच संपत नाही. आपण चूकही करतो आणि गृहपाठही करतो. इंग्रजीत मात्र चुकीसाठी ‘मेक’ लागते, तर गृहपाठासाठी ‘डू’. आपण स्वप्न पाहतो, म्हणून आपला विद्यार्थी स्वप्नाला ‘सी’ हे क्रियापद लावून मोकळा होतो, इंग्रजीत तेथे ‘हॅव’ बसते. आपले केस अनेकवचनी, म्हणून तो ‘हेअर्स’ लिहितो. आपण अनेक सल्ले देतो, म्हणून तो ‘ॲडव्हायसेस’ देतो. ‘मला सांगा’ याला ‘टेल मी’ चालते, तर ‘मला समजावून सांगा’ याला ‘एक्स्प्लेन मी’ का चालू नये, हा त्याचा तर्क मराठीच्या दृष्टीने बिनतोड आहे. पण इंग्रजी तेथे ‘एक्स्प्लेन’नंतर समजावण्याची गोष्ट आणि तिच्यापुढे ‘टु मी’ मागते.

या चुका अज्ञानाच्या नाहीत. एका भाषेत योग्य ठरलेला विचार दुसऱ्या भाषेत आडवाटेला लागतो, म्हणून त्या घडतात. इंग्रज माणसाकडून त्या सहसा होत नाहीत, आणि म्हणून इंग्रजांसाठी केलेल्या कोशात त्यांचे उत्तरही मिळत नसे. ते कोश दुर्मिळ शब्दांचे अर्थ देत, शब्दांची कुळकथा सांगत. ‘फर्निचर’चे अनेकवचन होत नाही, हे इंग्रजाला कशाला सांगायचे? तो ते आईच्या मांडीवरच शिकलेला असतो. ज्याला ते सांगण्याची गरज होती, त्याच्यासाठी कोश करण्याचे कुणाच्या फारसे मनात आले नव्हते.

हॉर्नबींच्या मनात ते आले. ई. व्ही. गेटनबी आणि एच. वेकफील्ड या जपानमध्येच शिकवणाऱ्या दोन सहकाऱ्यांना बरोबर घेऊन त्यांनी १९३७ च्या सुमारास हे काम हाती घेतले. कोशात काय असावे याइतकेच काय नसावे, हेही त्यांनी ठरवले. शब्दांची व्युत्पत्ती त्यांनी गाळली. तिच्या जागी उच्चार, सोप्या भाषेत अर्थ आणि मुख्य म्हणजे तो शब्द वाक्यात वापरून दाखवणारी उदाहरणे दिली. मोजता येणारी आणि न येणारी नामे त्यांनी चिन्हांनी वेगळी केली. क्रियापदांच्या वाक्यरचनांचे पंचवीस साचे ठरवून प्रत्येक क्रियापदापुढे त्याला चालणाऱ्या साच्याचा क्रमांक घातला. ‘वाँट’नंतर जी रचना चालते ती ‘सजेस्ट’नंतर चालत नाही, हे आता विद्यार्थ्याला कुणाच्या हसण्यावरून कळायला नको होते. ते कोशातच पाहता येत होते.

काम पुरे होत आले आणि जगावर युद्धाचे ढग दाटले. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. जपानमधील इंग्रज माणसे एका रात्रीत शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरली. हॉर्नबींनाही स्थानबद्ध करण्यात आले. ज्या देशात त्यांनी सतरा वर्षे शिकवले, त्याच देशात ते कैदी झाले.

यापुढची घटना मात्र विलक्षण आहे. इंग्रजी ही शत्रूची भाषा म्हणून जपानमध्ये तिच्यावर वक्रदृष्टी होती. अशा दिवसांत, १९४२ साली, टोकियोच्या काइताकुशा या प्रकाशनसंस्थेने हॉर्नबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा कोश छापून प्रसिद्ध केला. वाक्प्रचार आणि वाक्यरचना या दोन्ही गोष्टींचा उल्लेख त्या कोशाच्या नावातच होता. दोन देशांच्या तोफा एकमेकांवर रोखलेल्या असताना एका देशाच्या छापखान्यात दुसऱ्या देशाची भाषा शिकवणारे पुस्तक आकार घेत होते. राज्यकर्त्यांचे वैर भाषेच्या उंबऱ्याशी थबकते, याचा याहून बोलका पुरावा कोणता हवा?

त्याच वर्षी नागरिकांच्या अदलाबदलीत हॉर्नबींची सुटका झाली आणि ते इंग्लंडला परतले. लगेच ब्रिटिश कौन्सिलच्या सेवेत रुजू होऊन ते इराणला गेले. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठी त्यांनी एक नियतकालिक सुरू केले. आपापल्या वर्गात एकाकी झगडणाऱ्या देशोदेशीच्या शिक्षकांना त्याने एक व्यासपीठ दिले. ते नियतकालिक आजही निघते आहे. १९४८ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने जपानमधला तो कोश नव्या नावाने इंग्लंडमधून प्रकाशित केला. टोकियोत छापलेले पुस्तक ऑक्सफर्डचे झाले आणि तेथून जगभर गेले. १९६३ साली त्याची दुसरी आणि १९७४ साली तिसरी आवृत्ती निघाली.

हॉर्नबींनी केवळ कोश केला असे नाही. वर्गात कसे शिकवावे, याचाही त्यांनी बारकाईने विचार केला. १९५० मध्ये लिहिलेल्या लेखांतून त्यांनी प्रसंगनिष्ठ अध्यापनाची पद्धत मांडली. तिचे मर्म सोपे आहे. चालू वर्तमानकाळाची व्याख्या फळ्यावर लिहून देण्याआधी शिक्षकाने खिडकीपाशी जावे, ती उघडता उघडता आपण काय करीत आहोत ते इंग्रजीत सांगावे, मग एखाद्या विद्यार्थ्याला तेच करायला आणि बोलायला लावावे. कृती डोळ्यांसमोर घडत असली की अर्थ भाषांतराच्या पायऱ्या न चढता थेट मनात उतरतो. नियम नंतर सांगितला तरी चालतो. आपणही मातृभाषा अशीच शिकलो आहोत. १९५४ साली त्यांनी वाक्यरचनांचे मार्गदर्शन करणारा स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

त्यांच्या साऱ्याच कल्पना टिकल्या असे नाही. पंचवीस साच्यांचे क्रमांक लक्षात ठेवणे हे स्वतःच एक ओझे होऊन बसले, आणि पुढील काळातील आवृत्त्यांनी ती पद्धत बदलून अधिक सुबोध खुणा स्वीकारल्या. साचे घोटून घेण्यावर भर देणाऱ्या अध्यापनावर १९७० नंतर टीका झाली. नुसत्या कवायतीने संभाषण येत नाही, मनात काही सांगण्याजोगे असावे लागते, असा विचार पुढे आला. तो योग्यही आहे. परंतु शिकणाऱ्याला केंद्रस्थानी ठेवून कोश रचण्याची जी वाट हॉर्नबींनी मळवली, तिच्यावरूनच नंतरचे सारे कोशकार चालले. २०२० साली या कोशाची दहावी आवृत्ती प्रसिद्ध झाली.

कोशाच्या यशाबरोबर पैसाही आला. येथे हॉर्नबींमधला शिक्षक पुन्हा दिसतो. १९६१ मध्ये त्यांनी एक शैक्षणिक न्यास स्थापन केला आणि आपल्या ग्रंथांच्या मानधनाचा मोठा भाग त्याच्याकडे वळवला. इतर देशांतील इंग्रजीच्या शिक्षकांना इंग्लंडमध्ये येऊन अधिक शिक्षण घेता यावे, हा त्यामागचा हेतू. देशोदेशीच्या शिकणाऱ्यांनी कोश विकत घेतला, त्यातून आलेले धन अशा रीतीने त्यांच्याच शिक्षकांकडे परत गेले. १३ सप्टेंबर १९७८ रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, हॉर्नबींचे निधन झाले. न्यासाचे काम त्यांच्यामागेही चालू राहिले.

परक्या भाषेविषयीच्या अशा जिज्ञासेचे ऋण मराठीवरही आहे. मोल्सवर्थ या इंग्रज अधिकाऱ्याने १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला, तो इंग्रजांना मराठी शिकता यावी म्हणून. आज मराठीचे अभ्यासकही जुन्या शब्दासाठी तोच कोश उघडतात. भाषा शिकू पाहणाऱ्या परक्याच्या अडचणीतून त्या भाषेची अशीही सेवा घडत असते.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच शिकवली जाते. तरीही खेड्यातल्या शाळेतून महाविद्यालयात आलेल्या कितीतरी मुलामुलींच्या मनातील धास्ती गेलेली नाही. वर्गात उत्तर येत असूनही हात वर होत नाही, मुलाखतीच्या खोलीत घशाला कोरड पडते. कारण एकच : वाक्य चुकले तर लोक हसतील. एका चुकीच्या शब्दयोगी अव्ययापायी एखादी हुशार मुलगी मागच्या बाकावर गप्प बसून राहते, ही हानी कोणत्याही गुणपत्रिकेत दिसत नाही.

अशा विद्यार्थ्यांनी हॉर्नबींचे चरित्र जरूर ध्यानात ठेवावे. चुकणाऱ्याला हसण्यात त्यांनी आपले आयुष्य घालवले नाही. तो का चुकतो, हे समजून घेण्यात घालवले, आणि त्या समजुतीतून जगभर वापरला जाणारा कोश उभा राहिला. म्हणजे ओइता आणि टोकियोच्या अडखळणाऱ्या मुलांचाही त्या कोशात वाटा आहे. त्यांनी चुकीच्या धास्तीने तोंडच उघडले नसते, तर त्यांच्या शिक्षकाला काय कळणार होते?

तेव्हा मित्रहो, यापुढे तो जाडजूड ग्रंथ हाती घ्याल तेव्हा केवळ अर्थाची ओळ वाचून तो मिटू नका. त्या ओळीखालचे उदाहरण वाचा. शब्दाच्या सोबतीला कोण कोण आहे ते पाहा. मग ते वाक्य आपल्या मनातला आशय घालून, अडखळत का होईना, मोठ्याने म्हणा. कोशकाराने तो ग्रंथ रचला तो त्या अडखळणाऱ्या आवाजासाठीच.